कानाला बरोबर वाटणारी चूक: स्पर्धा परीक्षांतल्या इंग्रजी वाक्यांचा सराव कसा करावा

एसएससीच्या (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे. दुसऱ्या टप्प्यात ४५ प्रश्न, १३५ गुण, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत ३० प्रश्नांना २० मिनिटं, तीही वेगळी बांधून दिलेली. गणितातून वाचवलेला वेळ इथे वळवता येत नाही. यूपीएससीच्या सीडीएसला, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकारीपदांच्या परीक्षेला तर इंग्रजीचा स्वतंत्र पेपरच आहे, १२० प्रश्न आणि दोन तास. एवढंच कशाला, २०२३ च्या तलाठी भरतीत शंभरातले २५ प्रश्न इंग्रजीचे होते.

मराठी माध्यमातून आलेली मुलं गणित-बुद्धिमत्तेत कुणाला हार जात नाहीत. चालू घडामोडी तोंडपाठ असतात. आणि कटऑफ हुकतो तो इंग्रजीत. त्यांना नियम येत नाहीत असंही नसतं. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’मधला फरक विचारा, घडाघडा सांगतील. तोच फरक वाक्यात दडवून समोर ठेवला की ‘नो एरर’ (चूक नाही) या पर्यायावर क्लिक करून पुढे जातात. कारण परीक्षेत आपण वाक्य नियमाने वाचत नाही, कानाने वाचतो. मनातल्या मनात एकदा म्हणून बघतो, अडखळलं नाही तर बरोबर. पण हा कान मराठी आहे. मराठीत जे चालतं ते सगळं त्याला इंग्रजीतही चालतंय असंच वाटतं. हिंदी, गुजराती किंवा कन्नड बोलणाऱ्याचा कान थोड्याफार फरकाने त्याच जागी फसतो, आणि पेपर काढणारा नेमका त्याच जागा निवडतो.

म्हणून पुढे जी पद्धत सांगतोय तिचा रोख नियमांची यादी वाढवण्यावर नाही. आपला कान कुठे फसतो हे शोधायचं आणि त्या जागी डोळ्याला काम द्यायचं, एवढाच उद्योग आहे. लेखातली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वाचता वाचता ती वहीत इंग्रजी स्पेलिंगने उतरवून घ्या. हाताने लिहिताना वाक्य जितकं नीट दिसतं तितकं नुसतं वाचताना दिसत नाही.

पहिली पायरी: जुने पेपर, आणि घड्याळाशिवाय

बहुतेक जण जाडजूड व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करतात. नाम, सर्वनाम, विशेषण करत करत महिनाभरात टेन्सपर्यंत पोचतात आणि तिथे दमतात. माझं म्हणणं, पुस्तक बाजूला ठेवा. आधी ज्या परीक्षेला बसायचं आहे तिचे जुने पेपर काढा. यूपीएससीच्या संकेतस्थळावर सीडीएस आणि एनडीएचे (बारावीनंतरच्या सैन्यदल प्रवेशपरीक्षेचे) पेपर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, उत्तरतालिकाही असतात. एसएससीची परीक्षा अनेक दिवस अनेक शिफ्टमध्ये चालते, त्यामुळे एकाच वर्षाचे कितीतरी प्रश्नसंच हाताशी येतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, कुणाकडे तरी झेरॉक्स असतेच.

त्यातले चूक शोधण्याचे आणि वाक्य सुधारण्याचे मिळून पन्नास प्रश्न वेगळे काढा आणि घड्याळ न लावता सोडवा. अट एकच: प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीत मराठीत कारण लिहायचं. ‘कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी’ असं. कारण सुचलं नाही, नुसतं तसं वाटलं, तर पुढे ‘वा’ (म्हणजे ‘वाटलं’) लिहा. तपासताना ‘वा’ असलेलं उत्तर बरोबर आलं तरी ते चुकलेल्यांत धरा. पन्नासपैकी पस्तीस बरोबर आलेल्याला त्यातले अठरा ‘वा’ होते हे कळतं, तेव्हा गुण दर मॉकला (सराव परीक्षेला) खालीवर का होतात याचा उलगडा होतो.

दुसरी पायरी: चुकांची वही

वहीचं पान आडवं धरून पाच रकाने पाडा. पहिल्यात चुकीचं वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्यात त्यातला नेमका चुकलेला तुकडा. तिसऱ्यात दुरुस्त केलेलं पूर्ण वाक्य, फक्त तुकडा नव्हे. चौथ्यात कारण, तुमच्या शब्दांत. पाचवा रकाना सहसा कुणी पाडत नाही आणि सगळ्यात कामाचा तोच आहे: हेच मराठीत आपण कसं म्हणतो?

उदाहरणार्थ, ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ हे वाक्य ‘बरोबर’ समजून सोडलंत. पाचव्या रकान्यात लिहा, ‘प्रश्नावर चर्चा केली’. लगेच दिसेल की ‘वर’ला इंग्रजीत काहीतरी हवंसं वाटलं म्हणून ‘अबाउट’ खटकलं नाही. दोन-तीन आठवड्यांत पाचवा रकाना वरून खाली वाचलात की तुमच्या चुका सुट्या राहत नाहीत, त्यांचे चार-पाच कळप दिसायला लागतात. व्याकरणाचं पुस्तक आता उघडा, आणि फक्त त्या चार-पाच प्रकरणांपुरतं.

वही सुबक करण्याच्या नादी लागू नका. तीन रंगांची पेनं आणि स्केच करून सजवलेल्या वह्या पुष्कळ पाहिल्यात. त्या पुन्हा उघडल्या जात नाहीत.

तिसरी पायरी: वाक्य कुठून पाहायचं

आपण वाक्य डावीकडून उजवीकडे वाचतो आणि खटका लागेल म्हणून वाट पाहतो. ते सोडा. वाक्य अर्थासाठी एकदा वाचा. मग शोध ठरलेल्या क्रमाने: आधी क्रियापद, मग त्याचा मालक म्हणजे कर्ता, मग काळ दाखवणारा शब्द, मग जोडणारे शब्द, मग सर्वनाम, आणि शेवटी प्रिपोझिशन (‘टु’, ‘इन’, ‘ऑन’सारखे शब्द) आणि आर्टिकल (‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’). हा क्रम का? पहिल्या तीन गोष्टींतल्या चुका ठाम असतात, तिथे मतभेद नसतो. प्रिपोझिशनच्या बाबतीत मन डळमळतं आणि वेळ खाल्ला जातो, म्हणून ती मागे.

एक वाक्य जवळून पाहू.

‘द कलेक्टर, अलाँग विथ हिज ऑफिसर्स, हॅव व्हिजिटेड द फ्लड-हिट व्हिलेजेस ऑफ सांगली डिस्ट्रिक्ट यस्टरडे.’

‘हॅव व्हिजिटेड’ अधोरेखित आहे. पर्याय चार: ‘हॅज व्हिजिटेड’, ‘व्हिजिटेड’, ‘हॅड व्हिजिटेड’, आणि ‘नो इम्प्रूव्हमेंट’ (सुधारणा नको).

क्रियापद सापडलं: ‘हॅव व्हिजिटेड’. मालक कोण? क्रियापदाला खेटून ‘ऑफिसर्स’ उभे आहेत, पण ते ‘अलाँग विथ’च्या मागून आलेत. ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘ॲज वेल ॲज’, ‘इन ॲडिशन टु’ यांच्यामागून आलेलं नाम क्रियापदावर हक्क सांगू शकत नाही. मालक कलेक्टर, तो एकटा. म्हणजे ‘हॅव’ गेलं, ‘हॅज’ हवं. इथे बहुतेकांचा हात पहिल्या पर्यायावर जातो, आणि तो पर्याय त्यासाठीच ठेवलेला असतो. तिसरी तपासणी राहिली की: काळाचा शब्द. वाक्याच्या अगदी शेवटी ‘यस्टरडे’ बसलंय. ठरावीक गेलेली वेळ सांगितली की ‘हॅज’वालं रूप चालत नाही, साधा भूतकाळ लागतो. ‘हॅड व्हिजिटेड’साठी भूतकाळातली दुसरी एखादी घटना लागते, जिच्या आधी ही भेट झाली, ती इथे नाही. उत्तर ‘व्हिजिटेड’.

एका वाक्यात दोन दोष आणि एक दोष काढणारा पर्याय पहिल्याच जागी, ही चाल वाक्य सुधारण्याच्या प्रश्नांत वारंवार येते. म्हणून पहिली चूक सापडली तरी क्रम पूर्ण करायचा.

जवळच्या नामाचा मोह इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही पडतो. आपल्याकडे त्यात थोडी भर पडत असावी, कारण मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने पोळी खाल्ली’, ‘त्याने आंबे खाल्ले’ असं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. इंग्रजी क्रियापद कर्माकडे ढुंकूनही पाहत नाही. सरावात एक साधी युक्ती वापरा. ‘ऑफ’पासून सुरू होणारा तुकडा आणि दोन स्वल्पविरामांमधला तुकडा पेन्सिलीने खोडून टाका. ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स सिलेक्टेड फॉर द इंटरव्ह्यू आर आउट’ यातलं मधलं खोडलं की ‘द लिस्ट आर आउट’ उरतं आणि चूक ओरडून सांगते.

अपवादांतले तीन मात्र पाठच करा. ‘अ नंबर ऑफ’ला अनेकवचनी क्रियापद, ‘द नंबर ऑफ’ला एकवचनी. ‘नायदर-नॉर’ आणि ‘आयदर-ऑर’मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे. आणि ‘वन ऑफ द’च्या पुढे नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’. पण त्यात ‘हू’ घुसलं की ‘ही इज वन ऑफ द प्लेयर्स हू हॅव’, कारण ‘हू’ हा ‘प्लेयर्स’चा प्रतिनिधी.

चौथी पायरी: मराठी वाक्य खालून कुठे वाहतं ते ओळखा

पाचव्या रकान्यात जे कळप दिसतात असं म्हटलं, त्यातले बहुतेक इथे सापडतील.

‘तो येईल तेव्हा मी सांगेन.’ मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ, आणि तो बरोबर. त्यामुळे ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल यू’ कानाला गोड लागतं. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अनलेस’, ‘अन्टिल’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ यांनी सुरू होणाऱ्या वेळेच्या किंवा अटीच्या तुकड्यात भविष्याची गोष्ट असली तरी वर्तमानकाळ: ‘व्हेन ही कम्स’. या शब्दांपुढच्या तुकड्यात ‘विल’ दिसलं की थांबायचं.

‘मला माहीत असतं तर मी आलो असतो.’ इथेही दोन्ही बाजूंना ‘असतं’, ‘असतो’. मग ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ का खटकावं? पण इंग्रजीत अटीच्या बाजूला ‘हॅड नोन’ आणि परिणामाच्या बाजूला ‘वुड हॅव कम’. ‘इफ’ काढून टाकून ‘हॅड आय नोन’ अशी उलटी मांडणीही परीक्षेत आवडीने देतात. ती चूक नव्हे.

‘मी २०१५ पासून पुण्यात राहतो.’ साधा वर्तमानकाळ मराठीत पुरतो. इंग्रजीत ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स २०१५’ चूक, ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ बरोबर. वेळेचं ‘सिन्स’ दिसलं की मुख्य वाक्यात ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ शोधा. नसेल तर बहुधा चूक तिथेच. ‘सिन्स’चा अर्थ ‘कारण’ असेल तेव्हा मात्र ही तपासणी लावू नका.

जोडशब्दांची गंमत वेगळीच आहे. मराठीला जोड्या आवडतात: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं. एकच ठेवलं तर वाक्य लंगडं वाटतं. म्हणून ‘ऑल्दो ही वर्क्ड हार्ड, बट ही फेल्ड’ आणि ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वुई स्टेड होम’ ही वाक्यं आपल्याला भरीव वाटतात. इंग्रजीत दोन्हींतला एक शब्द जादा आहे. ‘ऑल्दो’बरोबर ‘येट’ जुन्या व्याकरणात चालतं, ‘बट’ नाही. इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या आहेत त्या वेगळ्या: ‘नो सूनर’ला ‘दॅन’, ‘हार्डली’ला ‘व्हेन’, ‘नॉट ओन्ली’ला ‘बट ऑल्सो’, ‘लेस्ट’ला ‘शुड’. ‘नो सूनर’ आणि ‘हार्डली’ वाक्याच्या तोंडाशी आले की क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं: ‘हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट’. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे, त्याच तुकड्यात आणखी ‘नॉट’ घालू नये.

‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही.’ मराठीत प्रश्न असो वा विधान, ‘तो कुठे राहतो’ याचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ चूक, ‘व्हेअर ही लिव्ह्ज’ बरोबर. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याचा प्रश्नाचा क्रम सुटतो, असं लक्षात ठेवा.

आता दोन जागा, जिथे मराठी वाक्य निर्दोष आणि त्याचं इंग्रजी सदोष असतं. ‘रस्त्याने चालताना त्याला कुत्रा चावला.’ यात कुणालाही शंका येत नाही की चालत कोण होतं. ‘व्हाइल वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट हिम’ म्हटलं की इंग्रजीच्या हिशेबाने रस्त्याने कुत्रा चालला होता. सुरुवातीच्या ‘आयएनजी’वाल्या तुकड्याचा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यायला हवा. एकतर ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग’ असं फोड करून लिहा, नाहीतर पुढचं वाक्य ‘ही वॉज बिटन बाय अ डॉग’ करा. ‘बीइंग अ हॉलिडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड’ हे याचंच भावंड. कचेरी काही सुट्टी नव्हती. ‘इट बीइंग अ हॉलिडे’ हवं.

दुसरी जागा तुलनेची. ‘महाबळेश्वरची हवा पुण्यापेक्षा थंड आहे.’ मराठीत कुणी ‘पुण्याच्या हवेपेक्षा’ म्हणायच्या फंदात पडत नाही. ‘द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन पुणे’ मध्ये मात्र हवेची तुलना शहराशी झाली. ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हवं. ‘दॅन’ किंवा ‘लाइक’ दिसलं की दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू आहे का ते बघायचं.

प्रिपोझिशनचा डोंगर मोठा आहे, पण तोही पाचव्या रकान्याने फुटतो. विभक्तिप्रत्यय थेट उचलल्यामुळे झालेल्या चुका एकत्र लिहा. ‘पुण्याला पोचलो’ म्हणून ‘रीच्ड टु पुणे’, ‘टु’ नको. ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’. ‘मॅरीड हर’ हवं. ‘गणितात हुशार’ म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. परीक्षेला ‘गुड ॲट’ लागतं. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, ‘विथ’ हवं. ‘कॉफीपेक्षा चहा आवडतो’ म्हणून ‘प्रिफर टी दॅन कॉफी’. इथे आणि ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ यांच्यापुढे ‘टु’. ‘डिस्कस’, ‘डिस्क्राइब’, ‘एन्टर’, ‘रिझेम्बल’, ‘ऑर्डर’, क्रियापद म्हणून वापरलेलं ‘रिक्वेस्ट’ यांना मध्ये कुणीच लागत नाही. खोलीत शिरण्याच्या अर्थी तरी ‘एन्टर इनटु’ नाही. करारात शिरताना ते चालतं.

वचनांचंही तसंच. आपण ‘बातम्या लागल्या’ म्हणतो, इंग्रजी ‘न्यूज’ एकवचनी. आपले ‘केस’ अनेकवचनी, डोक्यावरचं ‘हेअर’ एकवचनी. उलट आपली ‘कात्री’ आणि ‘चष्मा’ एकेकटे, तर ‘सिझर्स’ आणि ‘स्पेक्टॅकल्स’ अनेकवचनी. ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’, ‘लगेज’, ‘सीनरी’ यांना शेवटी ‘एस’ लावलेला दिसला की उत्तर मिळालं.

आर्टिकलसाठी देवनागरीचा उपयोग

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे इथे कान फसत नाही, तो चक्क गप्प बसतो. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ एवढ्यापुरता तरी एक सोपा इलाज आपल्याच लिपीत आहे. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘अ‍ॅन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास: स्वर, म्हणून ‘अ‍ॅन अवर’, स्पेलिंगमध्ये ‘एच’ असला तरी. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’: य, म्हणून ‘अ’. ‘वन-रुपी कॉइन’: व, म्हणून ‘अ’. ‘एमएलए’, ‘एफआयआर’, ‘एमबीए’: ए, म्हणून ‘अ‍ॅन’. इंग्रजी माध्यमातली मुलं स्पेलिंग बघून इथे गडबडतात. आपल्याला ते कारण नाही.

‘द’चा प्रश्न अवघड आहे आणि तो एका परिच्छेदात सुटणार नाही. सरावापुरतं एवढं करा: प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामावर बोट ठेवा आणि त्याच्यापुढे कुणीतरी उभं आहे का बघा. ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’, कुणीही चालेल. असं नाम एकटं उघडं उभं असेल तर बहुतेक वेळा चूक सापडते.

पाचवी पायरी: वाक्य सुधारण्याचे प्रश्न झाकून सोडवा

चूक शोधायच्या प्रश्नात दोष कुठे आहे एवढंच सांगायचं असतं. सुधारण्याच्या प्रश्नात समोर चार पर्याय असतात आणि ते चारही आपल्याला समजवायला बसलेले असतात. म्हणून सरावात पर्यायांवर कागद ठेवा. आधी वाक्य स्वतः दुरुस्त करून वहीत लिहा, मग कागद उचला. तुमचं उत्तर पर्यायात असेल तर प्रश्न संपला. नसेल तर पर्याय एकमेकांशी ताडून बघा, ते कुठल्या शब्दात वेगळे आहेत. तीन पर्यायांत फक्त क्रियापदाचं रूप बदलत असेल तर परीक्षा काळाची आहे, मग प्रिपोझिशनचा विचार करत बसू नका.

निवडलेला पर्याय पूर्ण वाक्यात बसवून पुन्हा वाचणं भाग आहे. तुकड्यात देखणा असलेला पर्याय मागच्या-पुढच्या शब्दाला धडकतो. वाक्यात आधीच ‘टु’ आहे आणि पर्यायातही ‘टु’, असले प्रकार मुद्दाम केलेले असतात. अर्थ बदलणारा पर्याय व्याकरणाने शुद्ध असला तरी टाकायचा.

‘नो एरर’ आणि ‘नो इम्प्रूव्हमेंट’चं काय? दोन टोकांची माणसं दिसतात. एक, काही सापडलं नाही की तिकडे पळणारी. दुसरी, त्याची भीती बाळगून धड वाक्यात चूक उकरून काढणारी. क्रम पूर्ण केला, सगळी ठाणी तपासली आणि काही निघालं नाही, तर ‘नो एरर’ हे पूर्ण उत्तर आहे. फक्त सरावाच्या वहीत त्यापुढे लिहा की कुठला तुकडा संशयास्पद वाटला होता आणि तो बरोबर का आहे. यासाठी बरोबर वाक्यांचीही वही ठेवावी लागते. ‘हॅड आय नोन’सारखी, कानाला चमत्कारिक पण नियमाला धरून असलेली वाक्यं त्यात टाका.

सहावी पायरी: स्वतःचं वाक्य पाडा आणि दुरुस्त करा

दुसऱ्याच्या वाक्यातली चूक दिसायला लागली तरी ती आपल्या हातून सुटली असं होत नाही. आठवड्यातून तीनदा मराठी वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी घ्या आणि इंग्रजीत लिहा. शब्दकोश नको, अडलं तर सोपं करा. लिहून झाल्यावर लगेच तपासू नका, दोन दिवस ठेवा. मग लाल पेन घेऊन वरच्याच क्रमाने जा.

बातमी समजा अशी: ‘पाऊस लांबल्यामुळे पेरण्या रखडल्या असून शेतकरी चिंतेत आहेत.’ पहिला मसुदा साधारण असा उतरतो: ‘बिकॉज रेन इज डिलेड, सो सोइंग इज स्टक अँड फार्मर्स आर इन टेन्शन.’ पहिल्या फेरीत ‘सो’ उडतो, जोडी मराठीची होती. दुसऱ्या फेरीत ‘सोइंग इज स्टक’ बघा. रखडलेलं काम आधी सुरू झालेल्या उशिराचा परिणाम आहे, म्हणून ‘हॅज बीन डिलेड’. मग ‘डिलेड’ दोनदा झालं, म्हणून पावसाला ‘आर लेट’, आणि मोसमी पाऊस म्हणून ‘द रेन्स’. तिसऱ्या फेरीत ‘इन टेन्शन’ हे आपलं घरगुती इंग्रजी जाऊन ‘वरिड’ येतं. शेवटी: ‘सोइंग हॅज बीन डिलेड बिकॉज द रेन्स आर लेट, अँड फार्मर्स आर वरिड.’ खोडलेले मसुदे फाडू नका. बँकांच्या ज्या परीक्षांत पत्र आणि निबंध लिहावा लागतो, त्यांची तयारी याच खोडाखोडीतून होते.

इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय रोज वाचा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. वाचा जरूर, पण त्यातून कठीण शब्दांच्या याद्या काढण्यापेक्षा रोज एकच लांबलचक वाक्य घ्या आणि त्यातलं मुख्य क्रियापद आणि त्याचा मालक शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

घड्याळ कधी लावायचं

‘वा’ असलेली उत्तरं पन्नासात पाच-सहावर येईपर्यंत घड्याळ लावू नका. लवकर लावलं की माणूस पुन्हा कानाकडे वळतो. त्यानंतर वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात; गणिताला वेळ उरावा म्हणून इंग्रजीचे २५ प्रश्न दहा-बारा मिनिटांत उरकता आले तर बरं. चूक शोधायच्या प्रश्नाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात क्रम दोनदा फिरवता येत नाही, म्हणून तो हातात बसलेला हवा. पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ आणि चुकीला अर्धा वजा. चारातले दोन पर्याय खात्रीने उडवता आले तर उरलेल्यांत अंदाज करायला हरकत नाही. काहीच उडत नसेल तर पुढे चला.

मॉक टेस्टच्या बाबतीत लोक आकडा मिरवतात, आठवड्याला इतके दिले म्हणून. मॉक द्यायला लागतो त्याहून जास्त वेळ तो तपासायला द्या. बरोबर आलेल्या प्रश्नांतले चुकीचे पर्याय का चुकीचे, हेही लिहून काढा. एका प्रश्नातून तीन जादा प्रश्नांचा सराव होतो. चुकांची वही आठवड्याने एकदा आणि महिन्याने पुन्हा सोडवायची, पण तिसरा रकाना झाकून. सलग दोन वेळा कारणासकट बरोबर आलेलं वाक्य खोडून टाका. वही बारीक होत गेली पाहिजे.

उत्तरतालिकेशी वाद

आजचं बोलीतलं इंग्रजी आणि परीक्षेचं इंग्रजी यात अंतर आहे. दोघांत ‘ईच अदर’ आणि दोनपेक्षा जास्तांत ‘वन अनदर’, ‘द रीझन’नंतर ‘बिकॉज’ नको तर ‘दॅट’, मोजता येणाऱ्यांना ‘फ्यूअर’ आणि न येणाऱ्यांना ‘लेस’: आजचे इंग्रजी बोलणारे हे सगळं सर्रास मोडतात. इंग्रजी चित्रपट आणि मालिका पाहून कान तयार केलेला उमेदवार म्हणूनच इथे मार खातो. तुमच्या परीक्षेच्या जुन्या उत्तरतालिका ज्या बाजूला झुकतात ती बाजू धरा. अशा वादग्रस्त जागांची वेगळी यादी वहीच्या शेवटच्या पानावर करा, पुढे परीक्षेचं नाव लिहून.

तात्पुरती उत्तरतालिका आली की आक्षेप नोंदवायची मुदत थोडी असते आणि प्रत्येक प्रश्नाला शुल्क भरावं लागतं. ‘मला वाटतं’ म्हणून आक्षेप टिकत नाही. प्रमाण व्याकरणग्रंथातला नियम आणि पान जोडता आलं तरच पैसे भरा, नाहीतर तो वेळ दुसऱ्या टप्प्याच्या वाक्यांना द्या.